एक नारळ कमी

माघ संपत आला की आमच्या भागात जो ऋतू येतो त्याला पंचांगात नाव नाही. पहाटे शाल हवीशी वाटते आणि ऊन जरा वर आलं की तीच शाल कुठे टाकावी कळत नाही. पांगारे पानं झाडून लालभडक होतात. खळ्यांवर वालाच्या शेंगा वाळत पडतात आणि त्यांचा हिरवट, किंचित कडसर वास घराघरांत शिरतो. मुरबे बंदराकडून येणाऱ्या वाऱ्याला सुक्या मासळीचा वास असतो, पण इथल्या कोणाला तो जाणवतही नाही. आणि दिल्लीत संसदेचं अर्थसंकल्पाचं अधिवेशन सुरू होतं.

शेवटचं वाक्य ऋतूच्या वर्णनात शोभत नाही, हे मला कळतं. पण माझ्या मनात ते तिथेच जाऊन बसलं आहे, पांगाऱ्याच्या फुलांशेजारी, आणि आता तिथून हलत नाही.

परवा बोईसर स्टेशनवर उभी होते. तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या कामावर आलेले मजूर चहाच्या टपरीभोवती जमले होते आणि टपरीवरचा रेडिओ रेल्वेमंत्र्यांच्या भाषणाची बातमी सांगत होता. "अरे, भाड़ा बढ़ा कि नहीं, वो बता," एकाने विचारलं. "अभी तो बोला है, पास कहाँ हुआ है," दुसऱ्याने बशीतला चहा फुंकत उत्तर दिलं. बोललं जाणं आणि पास होणं यांत अंतर असतं, हे त्याला कुठे कळलं असेल कोण जाणे. मला ते एका पानमळ्यात कळलं.

मी तारापूरच्या नव्या वसाहतीतल्या शाळेत शिकवते. इंग्रजीसाठी नेमणूक झाली, पण नागरिकशास्त्राचे तासही माझ्याकडेच आले. पुस्तकात संसदेवर एक धडा आहे. लोकसभा, राज्यसभा आणि राष्ट्रपती मिळून संसद. तिचे अधिकार क्रमाने दिलेले आहेत: कायदे करणं, पैसा मंजूर करणं, सरकारला जाब विचारणं. मुलं ते पाढ्यासारखं म्हणतात. गेल्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ती सहसा बोलत नाही, म्हणून मी खडू खाली ठेवला. ती म्हणाली, "टीचर, बहुमत सरकारचंच असतं ना? मग बाकीचे बोलतात कशासाठी?"

मी तिला उद्या सांगते म्हटलं. पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. तेवढ्याने माझं समाधान होत नव्हतं.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच माघात मी मुंबईच्या कॉन्व्हेंटमधून सीनियर केंब्रिजची परीक्षा देऊन आले होते आणि निकालाची वाट बघत होते. बाबा पालघरला डॉक्टर. त्यांना माझा रंग उतरलेला दिसला आणि त्यांनी मला माकुणसारजवळ आत्याकडे हवापालटाला पाठवलं. हिराआत्या त्यांची मोठी बहीण. नवरा जाऊन तिला फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं, आणि मागे राहिलेला पानमळा ती एकटीने चालवत होती. मला ती "मडम" म्हणायची. लाडाने की टोमण्याने, ते मी कधी विचारलं नाही. विचारण्याचा माझा स्वभाव नव्हता. मी घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलत वाढले, आणि दोन्हीकडे कमीच बोलले.

पानमळा म्हणजे काय हे सांगायला मला अजून नीट जमत नाही. बाहेर रखरखीत उजेड असतो आणि कुडाचं कुंपण ओलांडून आत पाऊल टाकलं की हिरव्या काचेच्या बाटलीत उतरल्यासारखं वाटतं. पांगाऱ्याच्या खोडांवरून वेली वर चढलेल्या, मधून पाट वाहणारे, आणि लांबून रहाटाचा कुरकुरणारा आवाज. वर लाल फुलं आणि खाली हिरवी सावली. आत्या अंगठ्याच्या नखाने पान खुडायची. टच्च असा बारीक आवाज यायचा. खुडलेली पानं एकावर एक लावून कवळी बांधायची, कवळ्या केळीच्या खोडाच्या सोपटात गुंडाळून बांबूच्या करंड्यांत भरायच्या, वर पाणी शिंपडायचं. "पान खुडलं म्हंजे मेलं नाय," ती म्हणायची. "दिल्लीला पोचेपरेंत श्वास घेतं. रस्त्यात मेलं तर आपलं पाप."

आमचं पान दिल्लीला जायचं. उत्तरेकडे जाणारी एक गाडी संध्याकाळी आत्याच्या स्टेशनवर क्षणभर थांबायची, तेवढ्यात करंडे चढायचे. त्या वर्षीच्या वेळापत्रकात तो थांबा उरला नव्हता. आता करंडे बैलगाडीने पालघरला न्यावे लागत. उन्हातून जाणारा तो रस्ता, तिथे गाडीसाठी तिष्ठणं, आणि पोचेपर्यंत पानाची कड पिवळी. दिल्लीच्या व्यापाऱ्याचा निरोप यायचा की माल काळा पडला. गावातले लोक एकेक करून वेली उपटायला लागले होते. कोणी केळी लावली, कोणी चिकूची कलमं.

आत्याचाही प्रश्न तोच होता आणि त्याला मुदत होती. या ऋतूत पानवेलींची उतरण करतात. उंच गेलेला वेल आधारावरून हलकेच सोडवून खाली आणायचा, त्याचा पानं नसलेला बुंधा गोल वळवून मातीत पुरायचा, आणि शेंडा पुन्हा वर चढू द्यायचा. मग काही महिने पान थोडंच मिळतं, मेहनत मात्र भरपूर लागते. उतरण करायची तर थांबा परत येणार या भरवशावर. भरवसा नसेल तर वेल उपटून मोकळं व्हायचं. आत्या रोज सकाळी मळ्यात जायची, एखाद्या वेलीच्या बुंध्यापाशी बसायची आणि हात न लावता परत यायची.

अशात एके दिवशी पानवाल्यांच्या सोसायटीतून मला बोलावणं आलं. सोसायटीचे चेअरमन गणूतात्या. आवाज असा की पाटाच्या त्या टोकाला बोलले तर या टोकाला पाणी थांबावं. सोसायटीने थांब्यासाठी बरेच अर्ज केले होते. ओळखीओळखीतून एक अर्ज विरोधी पक्षाच्या एका खासदारापर्यंत पोचला होता. तो आमच्या भागातला नव्हता. त्याने आमचं गाव पाहिलंही नसेल. तरी त्याने लोकसभेत एक सूचना दिली होती आणि तिचा इंग्रजी छापील कागद सोसायटीला आला होता.

"डाक्टरची मडम आलीय ना, तिला वाचू दे," तात्या म्हणाले. ओट्यावर सगळे पानवाले बसले होते. मी खाली बघत वाचलं आणि जमेल तसं मराठीत सांगितलं: रेल्वेच्या अमुक अनुदानाच्या मागणीत शंभर रुपयांची कपात करावी. आणि खाली कंसात कारण, की आमच्या स्टेशनवर थांबा देण्याची गरज आहे.

"थांब थांब. काय करावी?"

"कपात. शंभर रुपयांची."

तात्यांनी मांडीवर हात मारला. "घ्या! आमी थांबा मागितला, आनि हा बाबा रेल्वेचेच शंभर रुपये कापायला निघाला. अरे, ज्याच्याकडं मागायचं त्याच्याच खिशात हात घालतोस?"

"आनि कापायचेच तर लाख तरी कापायचे," मागून कोणी म्हणालं. "शंभरात इंजिनाचा बंबपन पुसून होनार नाय."

हशा झाला. पण कागद माझ्या हातात होता आणि सगळे माझ्याकडेच बघत होते. मी सांगायला लागले. सरकारला एक पैसाही आपल्या मनाने खर्च करता येत नाही. प्रत्येक खात्याला लोकसभेपुढे येऊन मागणी करावी लागते, आणि लोकसभा ती मंजूर करते, कमी करते किंवा नाकारते. वाढवू मात्र शकत नाही. राज्यसभेला पैशाच्या बाबतीत सल्ला देता येतो, अडवता येत नाही. आता एखाद्या सभासदाला खात्याविरुद्ध गाऱ्हाणं मांडायचं असलं तर तो म्हणतो, यांच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा. त्याला ते शंभर रुपये नको असतात. का कमी करा, हे सांगायला त्याला उभं राहायचं असतं.

दाराशी बसलेली आत्या म्हणाली, "म्हंजे एक नारळ कमी."

आणि एकदम सगळ्यांना कळलं.

नारळाची रीत मी नुकतीच पाहिली होती. माघी पौर्णिमेला ग्रामदेवतेचा भंडारा असतो. प्रत्येक घरातून शिधा आणि दोन नारळ यायचे. ज्याचं गावाविरुद्ध काही गाऱ्हाणं असेल, त्याने एकच नारळ ठेवायचा. बोलायचं काही नाही. मग पंचांनी नारळ बघून विचारायचं, "कोनाचा कमी?" तो माणूस उठून पुढे यायचा आणि सांगायचा: माझी पाण्याची पाळी चुकवतात, माझा बांध कोरला. गाऱ्हाण्याचा काहीतरी निकाल लागल्याशिवाय चुलाण्यावरचं भांडं खाली उतरायचं नाही. लोक पानं मांडून भुकेले बसलेले असायचे, त्यामुळे निकाल लवकर लागायचा. निकाल लागला की तो माणूस दुसरा नारळ आणून ठेवायचा.

आमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या सिस्टरनी इंग्लंडच्या पार्लमेंटचं हेच सांगितलं होतं. राजाला लढाईसाठी पैसा हवा असला की सभासद म्हणायचे, आधी आमचं गाऱ्हाणं ऐका, मग पैसा. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ते वाक्य काळ्या झग्यातल्या सिस्टरचं आणि दूरच्या धुकट देशाचं होतं. सारवलेल्या ओट्यावर, तंबाखूच्या वासात, ते असं भेटेल असं मला वाटलं नव्हतं.

तात्या खुशीत होते. "मंग काय भ्यायचं! आपला निकाल लागल्याबिगर त्यांचं भांडं काय उतरत नाय. आता रेल्वेलाच घाई."

"तसं नसतं," मी म्हणाले. "तिथे मतांनी ठरतं." पण ते मी स्वतःशी बोलावं तसं बोलले, आणि तोवर ओट्यावर चहा आला होता.

आत्याने मात्र ऐकलं होतं. संध्याकाळी पाटाच्या कडेला पाय धुताना तिने विचारलं, "तिथं काय पुटपुटलीस?"

मी सांगितलं. सरकार ज्या पक्षाचं त्याच्याकडे लोकसभेत जास्त सभासद असतात. तसे नसतील तर सरकारच राहत नाही. म्हणून अशा सूचना बहुधा हरतात, किंवा मांडणारा त्या मागे घेतो.

"मंग तो मानूस हरनार?"

"बहुतेक."

"हरनार ठाऊक हाय, तरी उभा ऱ्हातो?"

"हो."

आत्याने पाण्यात पाय तसेच ठेवले. "मतांचं मला नाय कळत, बाय. पन एवढ्या मोट्या सभेत एक मानूस उभा ऱ्हाऊन सांगतो, नारळ कमी हाय, आनि का कमी ते कोन विचारनारच नाय? असं होईल व्हय?"

तिच्या प्रश्नात मला काही चूक दिसत नव्हती. आज विचार करते तेव्हा वाटतं, गावाची समजूत अडाणीपणाची नव्हतीच. त्यांना नारळ समजला होता. चुलाणं तिथे वेगळं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आत्याने उतरणीला हात घातला.

ते दिवस माझ्या मनात मातीच्या वासाने भरलेले आहेत. मदतीला डोंगराकडच्या पाड्यावरून देवली यायची. वारली बाई, आत्याहून लहान, आणि जिभेने तिच्याहून तिखट. दोघी मिळून वेल सोडवायच्या. वरून एक सोडायची, खालून दुसरी झेलायची, अंगावरून झोपलेलं मूल उतरवून घ्यावं तशी. मग वेटोळं करून मातीत. मी पाणी द्यायची आणि ऐकायची.

"दिल्लीवाले काय बोलतील ते बोलतील," देवली कंबर सरळ करत म्हणायची, "आत्या, तू आदी चहाचं बोल."

"आत्ता तर घेतलास."

"ता सकाळचा व्हता. सरकारपन रोज नवा पैसा मागतंय ना?"

आत्या हसायची. ती त्या दिवसांत पुष्कळ हसली. मातीने भरलेल्या हातांनी ती माझ्याकडे बघून विचारायची, "काय गं मडम, आज तिथं काय चाललंय?" आणि मी तिला सांगायची. सकाळी पहिला तास प्रश्नांचा असतो. कोणीही सभासद मंत्र्याला प्रश्न विचारू शकतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. सभापती मत देत नाहीत, दोन्ही बाजूंची मतं सारखी झाली तरच देतात. त्या माहितीचं आत्याला काय करायचं होतं, देव जाणे. पण ती ऐकायची, शेजारच्या गावातल्या लग्नाची हकीगत ऐकावी तशी. एकदा म्हणाली, "तो आपला मानूस, त्याला पान खायला घातलं पायजे एकदा."

पालघरहून बाबा इंग्रजी वर्तमानपत्र पाठवायचे. ते शिळं होऊन यायचं. फाल्गुन लागला होता. एका दुपारी मी रहाटाच्या सावलीत बसून ते उघडलं आणि आतल्या पानावरची छोटी बातमी वाचली. रेल्वेच्या मागण्यांवरच्या चर्चेची वेळ संपली होती. ठरलेल्या वेळी सभापतींनी चर्चा थांबवली आणि उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकल्या. कपातीच्या सूचना एकगठ्ठा फेटाळल्या गेल्या. मागण्या मंजूर झाल्या. आमच्या स्टेशनचं नाव बातमीत नव्हतं. ते असण्याचं कारणही नव्हतं. ज्याने सूचना दिली त्याला बोलायला वेळ मिळाला होता की नाही, तेही कळायला मार्ग नव्हता.

या पद्धतीला गिलोटिन म्हणतात. मान कापायच्या यंत्राचं नाव. वेळ ठरलेला असतो, कामं ढीगभर असतात, वर्ष संपण्याआधी पैसा मंजूर व्हायला हवा असतो, नाहीतर गाड्याच थांबतील. आज वर्गात मी हे समजावून सांगते तेव्हा मला त्यातली गरज दिसते. त्या दुपारी मला फक्त ओळीने पुरलेले बुंधे दिसत होते.

मी आत्याला सांगितलं. लपवावंसं वाटलं होतं, पण तिने माझा चेहरा पाहिला होता.

"कोनी विचारलं नाय? का कमी म्हनून?"

"वेळ संपला."

"भांडं उतरवलं?"

"हो."

तिने हातातली माती चोळून काढली. मग म्हणाली, "आनि नाय म्हनाले ते कसे म्हनाले? एकेकानं?"

"नाही. आवाजाने." सभापती विचारतात, बाजूचे असतील त्यांनी 'हो' म्हणा, विरुद्ध असतील त्यांनी 'नाही' म्हणा. ज्या बाजूचा आवाज मोठा, तिकडचं पास.

"म्हंजे ज्याचा गळा मोठा त्याचं. मंग आपला गनूतात्या दिल्लीला शोभंल."

"पण कोणी हरकत घेतली," मी म्हणाले, "तर मोजावं लागतं. एकेकाचं मत."

"घेतली का कोनी?"

"माहीत नाही."

त्या रात्री ती जेवली आणि झोपली. रडली वगैरे नाही. फक्त पुढचे काही दिवस मळ्यात गेली नाही. देवली एकटीच पाणी देऊन जायची. "आत्याला सांग," ती मला म्हणाली, "येलींना फुटवा आलाय. त्यांना बजेट नाय कळत."

होळी झाली आणि सोसायटीच्या पानं भरायच्या शेडमध्ये सभा भरली. विषय एकच होता. तात्यांचा ठराव असा की आता थांबा येत नाही, तेव्हा या महिन्यापासून सोसायटीने पानं भरणं आणि पाठवणं बंद करावं, आणि शेड केळीवाल्यांना द्यावी. तात्यांच्या स्वतःच्या वाडीत तेव्हा चिकू लागले होते. त्यात त्यांची लबाडी होती असं मी म्हणणार नाही. त्यांनी आशा सोडली होती आणि जे दिसत होतं ते ते बोलत होते. पण सोसायटी नसेल तर एकटी बाई करंडे कसे पाठवणार? आत्याचे वेल नुकतेच मातीत पुरलेले. ठराव झाला तर ती सगळी उतरण व्यर्थ जाणार होती.

आत्याच्या नवऱ्याच्या जागी तिचं नाव लागलं होतं, म्हणून ती सभासद होती. बायकांत एकटीच. ती शेडच्या दाराशी बसली होती आणि मी तिच्यामागे. लोकसभेत प्रेक्षकांसाठी सज्जा असतो. तिथे बसणाऱ्याने बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, मानसुद्धा जोरात हलवायची नाही. पुस्तकात हे वाचलं तेव्हाच मला वाटलं होतं की जगात माझ्यासाठी कुठली एखादी जागा केली असेल तर ती हीच. त्या दिवशी मी त्याच जागेवर होते आणि मला बरं वाटत नव्हतं.

"तर मंडळी, मान्य हाय?" तात्यांनी विचारलं.

"मान्य! मान्य!" शेडचे पत्रे घुमले.

"नाय," आत्या म्हणाली. मी तिच्या पाठीशी होते म्हणून मला ऐकू आलं.

"झालं तर. पुढं..."

मी आत्याच्या दंडाला हात लावला. "मोजायला सांग," मी कुजबुजले.

"काय?" आत्या मोठ्यांदा म्हणाली. आता सगळे वळले.

"मडम काय म्हनते?" तात्यांनी विचारलं.

आत्या थोडी बाजूला सरकली. मी उघडी पडले. "तूच सांग," ती म्हणाली. "मला तुज्यासारकं सांगता यायचं नाय."

उभं राहावं असं मनात होतं. पण मी बसूनच बोलले, आणि माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "आवाजावरून ठरवलं आणि कोणी सभासदाने हरकत घेतली, तर हात मोजावे लागतात. दिल्लीलाही तसंच असतं."

"दिल्लीनं आपल्याला काय दिलं ते बगितलं ना?" तात्या म्हणाले. शेड हसली. मी खाली बघितलं. तात्या डोकं खाजवत थांबले, मग म्हणाले, "बरं, मोजा. हिराबायचं मन ऱ्हाऊ दे. आपलं काय जातं?"

आधी ठरावाच्या बाजूचे हात वर झाले. मघाच्या गजरावरून वाटलं होतं त्याहून ते कितीतरी कमी होते. मग विरुद्ध बाजूचे. आत्याचा हात आधी. क्षणभर तो एकटाच होता, मातीने नखं काळी झालेला. मग कोपऱ्यातून एक हात वर आला. मग खांबाआडून एक. जे मघाशी 'मान्य' म्हणाले नव्हते आणि 'नाही'ही म्हणाले नव्हते, ते लोक. त्यांच्यात विठूकाका होते. आत्याच्या शेजारची वाडी त्यांची. बांधावरून भांडण होऊन त्यांनी कित्येक वर्षं आत्याशी अबोला धरला होता. त्यांनी हात वर केला तो आमच्याकडे न बघता, पत्र्याकडे बघत.

ठराव पास झाला. फरक थोडाच होता, पण झाला.

वर्गातल्या त्या मुलीला मी यातलं काय सांगू? मतदानाचा निकाल जिंकणाऱ्यांच्या कामाचा असतो. त्यांना तेवढा पुरतो. मोजणी ही हरणाऱ्यांची गरज आहे. आवाजात ते नाहीसे होतात. मोजलं की एकेक माणूस दिसतो, कुठल्या खांबाआड बसला होता तेही कळतं. संसद कायदे करते, पैसा देते, सरकार ठेवते आणि घालवते, हे सगळं धड्यात आहे. पण कोणी, किती जणांनी काय नको म्हटलं, हे उघड्यावर म्हणायची आणि मोजून घ्यायची ती जागा आहे, हे धड्यात नाही. कदाचित बाकीचे बोलतात ते एवढ्यासाठी असेल. तो दूरचा खासदार उभा राहिला की नाही मला अजून माहीत नाही. थांबाही अजून आलेला नाही. पण त्या दिवशी ज्यांचे हात वर झाले, त्या घरांची पानं पुढे एकत्र पालघरला जायला लागली, ऊन उतरल्यावर, ओल्या गोणपाटाखाली. थोडी जातात, पण जातात.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी शेडमधून बाहेर पडलो तेव्हा मला एवढंच कळत होतं की आपण हरलो. वाटेवर मी तसं म्हणालेसुद्धा.

"हरलो," आत्या म्हणाली. "पन किती जनं हरलो ते तरी कळलं."

वळणावर विठूकाका उभे होते. आमच्या पुढे निघून गेलेला माणूस तिथे उगाच थांबलेला नव्हता. आम्ही जवळ गेलो तसे ते कुंपणाच्या काठीवरची साल नखाने सोलायला लागले, आणि त्या काठीलाच विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मंग वैनी, पालघरला गाडी तुजी का माजी?"

आत्याने डोक्यावरचा पदर नीट केला. "बैल तुमचे, गाडी माजी," ती म्हणाली. "तुमच्या गाडीचं चाक लय रडतं, भावोजी. निजलेली पानं उठतील."